निवृत्ती हो म्हणाला तरच

ती बाई ओला फडका घेऊन माझ्या अंगावर आली, तेव्हा माझं डोकं तिच्या कचऱ्याच्या पिंपात होतं.

पाठीत सपकन फटका बसला. मी उलटा वळून बघितलं. साठीची, दणकट बाई. डोक्याला काळा रुमाल, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. तोंडाचा पट्टा नुसता सुरू. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण शिव्या कळायला भाषा कशाला लागते? मी हात जोडले. म्हटलं, "अहो बाई, चोर नाही मी. आचारी आहे, आचारी!" आणि झारा फिरवल्यासारखा हात हवेत फिरवून दाखवला. तिनं परत फडका उगारला.

आता तुम्ही म्हणाल, चांगला शहाणासुरता माणूस परदेशात जाऊन लोकांच्या कचऱ्यात तोंड कशाला घालतोय? तर ती माझी पद्धत आहे. पस्तीस वर्षं लग्नाच्या पंक्ती उठवल्यात मी. जेवण कसं झालं हे पाहुण्याला विचारायचंच नसतं, तो छानच म्हणतो. मांडवाच्या मागं उष्ट्याचं घमेलं असतं, ते जाऊन बघायचं. घमेल्यात भाताचा ढीग दिसला की समजायचं, आज आपण माती खाल्ली.

तिच्या पिंपात वांग्याची देठं होती, अक्रोडाची टरफलं होती, चहाचा चोथा होता. ताटातनं परत आलेलं काही म्हणजे काही नव्हतं. आणि आत भर दुपारी चाळीसेक माणसं जेवत होती. ते बघून मी घाबरलो. फडक्याला मी भीत नव्हतो हो. मला त्या गावात चांगलं जेवण सापडायलाच नको होतं.

का, ते सांगतो. मी निवृत्ती लाटकर, मिरजेचा. सांगलीच्या तात्या आरवाड्यांची सहलींची कंपनी आहे, त्यांच्याकडं आचारी. परदेशात रोज घरचं जेवण, ही आमच्या सहलींची जाहिरात. प्रत्येक सहलीबरोबर एक आचारी जायचा. कुकर, पोळपाट, मसाल्याचे डबे घेऊन. असे आम्ही सात जण. बाकीच्या सहांना मीच तयार केलेलं. कुणाची पोरगी नर्सिंगला, कुणाचा बाप अंथरुणावर. सगळ्यांची चूल याच कामावर.

मग झालं काय, एका गावच्या हॉटेलात मी आमटीला फोडणी दिली आणि आगीचा भोंगा वाजला. सहा मजले हॉटेल रस्त्यावर. गोऱ्या बायका झोपायच्या कपड्यांत, बंब आलेला, आणि मी हातात पळी घेऊन उभा. आपल्या लोकांनी हसून घेतलं, पण तात्यांचे जावई हसले नाहीत. अभिनंदन मगदूम त्यांचं नाव. लग्न झाल्यापासून कंपनीत लक्ष घालायला लागले होते. त्यांनी तात्यांपुढं कागद मांडला: आचारी बंद करायचे, प्रत्येक गावात चांगली जेवणाची ठिकाणं धरायची, सुरुवात परदेशातल्या तिबिलिसी शहरापासून.

तात्या म्हातारे, पण पक्के. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, "अभिनंदन, तू कांदा-लसूण खात नाहीस, बटाटा खात नाहीस. तुला चव काय कळणार? निवृत्तीला घेऊन जा. निवृत्ती हो म्हणाला तरच ठिकाण पक्कं. तीन दिवसांत एक जरी त्याच्या जिभेला पटलं, तर दिवाळीपासून आचारी बंद. नाही पटलं, तर हा विषय परत माझ्यापुढं काढायचा नाही."

बघा म्हणजे. माझ्याच पोटावर पाय द्यायला मलाच विमानात बसवलं.

घरी आलो तर सहाही जण दारात. त्यातला सदाशिव म्हणाला, "मामा, तुम्हाला काय सांगायचं आम्ही? नाही म्हणून या, झालं."

"चांगलं निघालं तर?"

"निघालं तरी," तो म्हणाला.

मी त्याच्यावर खेकसलो. आयुष्यात अन्नाबद्दल खोटं बोललो नाही, म्हटलं. माझीच आमटी बिघडली तर पंक्तीत उभं राहून सांगितलंय, आज बिघडली, ओतून द्या. तात्यांचा माझ्यावर विश्वास आहे तो उगीच नाही.

पहिले दोन दिवस मला खोटं बोलावंच लागलं नाही. जावईबापूंनी इंटरनेटवर बघून यादी आणलेली. पहिल्या ठिकाणी पडदे मखमली आणि पनीर रबराचं. दुसऱ्या ठिकाणी भाताला कालचा वास. तिसऱ्या ठिकाणी भाजी मागितली तर शिजवलेलं गाजर आणि वर अजमोद्याचं पान. मी एकेक घास घ्यायचो आणि ताट सरकवायचो.

"नापास."

"काका, नीट खाऊन तर बघा."

"घाण खायला नीट बसायला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा तोल गेला. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. दोन दिवस तो माणूस घरनं आणलेल्या बिनलसणाच्या भडंगावर आणि केळ्यांवर होता. डोळे खोल गेलेले. हॉटेलच्या पायरीवर मला म्हणाला, "तुम्ही ठरवून आलाय. तुम्हाला पास करायचंच नाहीये."

"अभिनंदनराव, तुम्ही आम्हाला ठरवूनच घरी बसवायला निघालाय की. मग मी ठरवलं तर राग का?"

"धंदा आहे हा. अन्नछत्र नाही."

"सात घरं जेवतात त्याच्यावर."

"आणि एका भोंग्यानं चाळीस माणसांची सहल विसकटते त्याचं काय? परत असं झालं तर कंपनीच राहणार नाही. मग ती सात घरं कशावर जेवणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कांदा न खाता नाकानं कांदे सोलणारा हा पोरगा! मी म्हटलं, "तात्यांची लेक मिळाली म्हणून तात्यांची अक्कल मिळाली असं समजू नका." तो जिना चढून गेला. सकाळी मी त्यांना न सांगता एकटाच बाहेर पडलो.

कशाला पडलो? खरं सांगायचं तर खाज. दोन दिवस भिकार खाऊन जीभ रुसली होती. मनात म्हटलं, या गावचे हमाल, टांगेवाले काय खातात ते तरी बघू. टांगेवाले कुठले तिथं, पण दुपारपर्यंत हिंडल्यावर बाजाराच्या मागं टॅक्सीवाल्यांची गर्दी एका दाराशी दिसली, आणि दाराशेजारच्या बोळात ते पिंप.

तर बाई परत फडका उगारते न उगारते, तोच मागनं आवाज आला, "काका! काय करताय काय तुम्ही?" अभिनंदनराव. मला शोधत निघालेले. झालं, संपलं.

त्यांच्या फोनमध्ये बोललेलं उतरवून घेणारी सोय होती. इकडनं बोललं की तिकडं त्या भाषेत लिहून येई, आणि बाई बोलली की इंग्रजीत. ते वाचून मला सांगायचे. त्यांनी बाईला काय सांगितलं कोण जाणे, तिचा आवाज जरा उतरला. नाव लामारा. फोनमध्ये बघून अभिनंदनराव म्हणाले, "ती म्हणते, कचरा बघून झाला असेल तर आत येऊन अन्न बघा."

आत लाकडी बाकं, लांब टेबलं. वर माडीवर आणखी एक मोठं दालन. मी एका नजरेत मोजलं, पन्नास माणूस आरामात बसेल.

जावईबापूंनी तिला कांदा-लसणाचं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून हसली, मग चिडली. फोनमध्ये आलं, "कांदा नाही, लसूण नाही, मांस नाही, अंडं नाही. मग हा माणूस जेवतो कशाला?"

"विचारा तिला, जमेल का," मी मुद्दाम म्हटलं. मनात म्हणत होतो, नाही म्हण बाई, नाही म्हण.

तिनं पुढ्यातली कढई धुतली. खरंच सांगतो, धुतली. नवं पाणी घेतलं, वेगळा चमचा घेतला. तिच्याकडं लाल घेवडा नुसता शिजवून ठेवलेला होता. तो तिनं त्या धुतलेल्या कढईत घेतला, घोटला, अक्रोड कुटून घातला, कोथिंबीर, कसली तरी सुकी पानं, आंबट आलुबुखाराचा रस. मक्याचं पीठ नुसत्या पाण्यात मळलं आणि हातावर थापलं. मी उभा राहून बघत होतो. थापताना मनगट कसं वळतंय यावरनं मला बाई कळते. हिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दोन मातीची गाडगी भरून आमच्या पुढ्यात आली. अभिनंदनरावांनी पहिला घास घेतला आणि खाली मान घालून जेवायलाच लागले. दोन दिवसांचा उपाशी माणूस. भाकरीचा तुकडा मोडायचा, घेवड्यात बुडवायचा, तोंडात. मध्ये एकदा डोळे पुसले. तिखटानं नव्हे, तिखट नव्हतंच ते.

मी खाल्लं. काय सांगू तुम्हाला! घेवडा लोण्यासारखा उतरला, आणि मागनं आंबटपणा आला तो नेमका. मीठ इतकं बरोबर, की मीठ घातलंय हे लक्षातही येऊ नये. माझ्या हातचं असं दहा वर्षांत एकदा होतं. मी बोटं चाटली. चाटून झाल्यावर ध्यानात आलं, की समोरचा माणूस माझ्याकडं बघतोय.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "चाळीस माणसांना रोज करेल का विचारलं मी. हो म्हणाली. आमच्यासारख्यांचं वेगळं करीन म्हणाली. जागा आहे. आता बोला."

सदाशिव दिसत होता डोळ्यांपुढं, दारात उभा. त्याच्या बापाला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. कुठला घेवडा आणि कुठलं काय!

त्यांनी तिथंच तात्यांना फोन लावला, आवाज मोठा केला. तिकडनं तात्या म्हणाले, "काय रे निवृत्ती? सापडलं का?"

"नाही तात्या."

अभिनंदनराव उठून उभेच राहिले. "तात्या, खोटं सांगतात! आत्ता इथं बोटं चाटून—"

"तू थांब. निवृत्ती, तू बोल."

"घेवडा कच्चट आहे, तात्या. मीठ नाही धड. आपल्या माणसांना पचायचा नाही. आजारी पडतील."

मग तात्या म्हणाले, "बरं. या परत. आल्यावर बोलू." फोन बंद.

मला वाटलं, आता हा माझ्यावर हात उगारणार. उगारला असता तर बरं झालं असतं. पण तो माणूस थंड झाला. "मीठ नाही ना?" म्हणाला. "मला काय सांगता? जिनं केलंय तिला सांगा."

"सोडा आता."

"नाही, सांगा की. दोन दिवस सगळ्यांच्या तोंडावर नापास म्हणत होता. हिच्याही तोंडावर म्हणा." आणि फोन तोंडाशी धरून तोच बोलला. बाईनं फोनमध्ये वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग माझ्यासमोरच्या रिकाम्या गाडग्याकडं बघितलं आणि माझ्याकडं.

ती ओरडली नाही. माझं मनगट धरलं आणि मला ओढत चुलीपाशी नेलं. गाडगी भरून उरलेला तसाच घेवडा कढईत शिजत होता, तिनं स्वतःच्या घरच्यांसाठी ठेवलेला असावा. मिठाचा लाकडी डबा उघडला आणि माझ्यापुढं धरला. बोलली काहीतरी. मागनं अभिनंदनरावांनी वाचलं, "ती म्हणते, तूही स्वयंपाकी आहेस ना? मग किती कमी आहे ते घालून दाखव."

बरं, मला तेव्हाही हसून सोडता आलं असतं. चिमूटभर घालायचं, मान डोलवायची, निघायचं. पण मागं तो उभा होता, आणि चिमटीनं भागलं असतं तर मीठ धड नाही हे खोटं पडलं असतं. एका चिमटीसाठी कुणी चाळीस माणसांचं जेवण नाकारतं का?

मी मूठ भरली. कढईत टाकली. आणखी एक भरली, टाकली. ढवळलं.

पस्तीस वर्षांत दुसऱ्याची कढई मी बिघडवली नव्हती. वैऱ्याचीसुद्धा. इचलकरंजीच्या एका आचाऱ्यानं एकदा माझ्या लग्नाच्या ऑर्डरी पळवल्या होत्या, त्याच्या बासुंदीवर झाकण मी घातलंय, माशी पडेल म्हणून.

बाईनं चमचा बुडवला, तोंडाला लावला. तिचं तोंड वाकडं झालं नाही. तिनं गिळलं तो घास. मग माझ्याकडं बघितलं. राग नव्हता हो त्यात, राग असता तर मी सोसला असता. हा बिघडवतोय, आणि याला चव कळते म्हणूनच मुद्दाम बिघडवतोय, हे तिला समजलं होतं. का, एवढंच समजत नव्हतं. तिनं माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि दाराकडं बोट केलं.

बाहेर आल्यावर अभिनंदनराव म्हणाले, "दोन मुठी. मी बघितल्या." सांगलीपर्यंत त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

सांगलीत उतरल्यावर घरी न जाता तात्यांकडंच गेलो. दिवस मावळायच्या आधी जेवायची त्यांची पद्धत, पाटावर बसायच्या तयारीत होते. स्वयंपाकघरात त्यांची लेक राजमती, म्हणजे अभिनंदनरावांची बायको, भाकरी करत होती. दार उघडंच होतं, तिला सगळं ऐकू जात होतं.

अभिनंदनरावांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. पिंप, घेवडा, बोटं चाटलेली, मीठ. स्वतः माझ्याशी पायरीवर काय बोलले तेही सांगितलं. मला वाटलं, इतकं खरं बोलणाऱ्याचं कोण ऐकणार नाही?

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अभिनंदन, तुला तुझं म्हणणं खरं करायचंय, हे मला पहिल्यापासून दिसतंय. पण त्यासाठी या माणसावर असा आळ? अरे, हा भरल्या पंक्तीत स्वतःची आमटी ओतून देतो. दुसऱ्याचं अन्न नासवेल हा?"

"तात्या, माझ्या डोळ्यांनी—"

"तुझे डोळे राहू देत." माझ्याकडं वळले. "निवृत्ती, एकदाच विचारतो. परत विचारणार नाही. नासवलंस का तू?"

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

मी अभिनंदनरावांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या माणसाला मी मनापासून नावं ठेवली होती, पण तेव्हा त्याच्या तोंडावर विनवणी होती, एवढं तरी खरं सांगा म्हणून. एक 'हो' म्हटलं असतं तर तो सुटला असता. आणि सात जण घरी बसले असते, त्यात पहिला मी.

"नाही, तात्या," मी म्हटलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं," अभिनंदनराव म्हणाले. तात्यांना हात जोडले, चपला घातल्या आणि गेले. त्यांनी कंपनीत पाऊल टाकलं नाही परत. मिरजेत कुणाच्या तरी खतांच्या दुकानात बसतात म्हणे. कंपनी चालू आहे. आचारी अजून जातात, सदाशिव आता त्यांचा मुख्य आहे. बाप त्याचा गेल्या वर्षी गेला, पण स्वतःच्या घरात, उपचार करून घेत गेला.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी तात्यांनी माझा हात धरून शेजारच्या पाटावर बसवलं. "उपाशी असशील. जेवून जा." राजमती ताट घेऊन आली. तिचे डोळे लाल झालेले. नवऱ्याच्या मागं धावत जायचं सोडून ती मला आमटी वाढत होती, कारण बापानं सांगितलं होतं. मी दुसरी भाकरी नको म्हणून हात आडवा धरला.

"घ्या की काका," ती म्हणाली. "आमच्या घरचं अन्न आहे. अन्नाबद्दल तुम्ही खोटं थोडंच बोलणार आहात?"

मी हात बाजूला घेतला. तिनं भाकरी वाढली, आणि मी ती खाल्ली.